सोलापूर : शिबिरातून चिठ्ठी मिळालेल्या बाईचे पुढे काय होते?

पूर्वभागकर

जागतिक कर्करोग दिन ४ फेब्रुवारीला असतो आणि ऑक्टोबर हा स्तनाच्या कर्करोगाविषयीच्या जागृतीचा महिना मानला जातो. या दोन्ही निमित्तांनी आपल्या शहरात मंडळे, संघटना आणि महाविद्यालये तपासणी शिबिरे भरवतात. खुर्च्या मांडण्यापासून नावे लिहून घेण्यापर्यंत पडेल ते काम मी गेली काही वर्षे अशा शिबिरांत करत आलो आहे. दुसऱ्या दिवशी ‘इतक्या महिलांनी लाभ घेतला’ अशी बातमी छापून येते. ज्यांच्या तोंडात पांढरा चट्टा दिसला किंवा स्तनात गाठ लागली आणि ज्यांच्या हातात ‘पुढील तपासणीसाठी’ अशी चिठ्ठी दिली गेली, त्यांपैकी किती जणी खरोखर त्या तपासणीला गेल्या, हा आकडा मात्र कोणाकडेच नसतो, कारण तो कोणी मोजतच नाही. या धाग्यात मला फक्त त्याविषयी बोलायचे आहे.

आमच्या पूर्व भागात घरोघरी विड्या वळल्या जातात. कारखान्यातून तेंदूपत्ता आणि तंबाखू घरी आणायचा, पाने भिजवून मापाने कात्रीने कापायची, मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळायच्या आणि त्या मोजून जमा करायच्या, असे हे काम आहे आणि त्याची मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते. रुग्णालयात पहिल्या दिवशी केसपेपर काढून डॉक्टरांना दाखवावे लागते, तपासणीसाठी गाठीचा किंवा चट्ट्याचा तुकडा काढण्यासाठी (बायोप्सी) वेगळी तारीख मिळते, अहवालासाठी पुन्हा जावे लागते आणि तो अहवाल दाखवायला कित्येकदा आणखी एक खेप पडते. प्रत्येक खेपेला त्या दिवसाची मजुरी बुडते. यंत्रमागावर पाळीने जाणाऱ्या नवऱ्याला सोबत न्यावे, तर त्याचीही पाळी बुडते. शिवाय सुरुवातीची गाठ बहुधा दुखत नाही आणि चट्टाही फारसा त्रास देत नाही, त्यामुळे ‘दिवाळी होऊ द्या, मग बघू’ असे ठरते आणि चिठ्ठी शिधापत्रिकेच्या प्लास्टिकच्या पिशवीत जाऊन पडते.

मला असे वाटते की आपल्या मंडळांनी शिबिरांची संख्या कमी केली तरी चालेल, परंतु ज्यांना चिठ्ठी मिळाली आहे त्यांना तुकडा तपासणीचा अहवाल हाती पडेपर्यंत सोबत देण्याची जबाबदारी घ्यावी. सोबत म्हणजे अक्षरशः सोबत : घरी जाऊन तारीख ठरवणे, रिक्षाने बरोबर जाणे, रांगेत उभे राहणे आणि अहवालाच्या दिवशी पुन्हा जाणे. हे काम कोणी केले असल्यास अनुभव लिहावेत, आणि मुळात हा विचारच चुकीचा वाटत असल्यास तसेही लिहावे.

बार्शीवाला

विषय महत्त्वाचा आहे, आणि त्याचे उत्तर शोधायला सोलापूरकरांनी जिल्ह्याबाहेर जाण्याची गरज नाही. देशातील पहिली ग्रामीण लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी, म्हणजे ठरावीक भागातील सर्व कर्करुग्णांची नोंद ठेवण्याचे काम, १९८७ मध्ये आमच्या बार्शीत सुरू झाली. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या मदतीने आणि येथील नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाच्या आधाराने बार्शी, परांडा व भूम या तालुक्यांतील गावांमध्ये नोंदणीचे कार्यकर्ते फिरू लागले. खेड्यात रुग्ण आपण होऊन रुग्णालयात येईल आणि मग त्याची नोंद होईल, अशी वाट पाहण्यात अर्थ नव्हता. म्हणून हे कार्यकर्ते ठरावीक काळाने त्याच त्या गावांत जात, लोकांशी बोलत, लक्षणे समजावून सांगत आणि कोणाला तक्रार असल्यास त्याला रुग्णालयात आणण्याची व्यवस्था करत. या कामातून पुढे आलेला निष्कर्ष १९९५ साली आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला : गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे निदान या भागात पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यावर होऊ लागले होते, आणि त्यामागे कोणतेही महागडे यंत्र नसून लोकांमध्ये वाढलेली जाणीव होती.

पुढे त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांचा समावेश असलेली, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीविषयीची मोठी चाचणी झाली. गावांचे ५२ समूह करून काहींमध्ये हा कर्करोग घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूची तपासणी, काहींमध्ये पेशींची तपासणी, काहींमध्ये आम्ल लावून डोळ्यांनी केलेली तपासणी आणि उरलेल्यांमध्ये नेहमीची सेवा, अशी विभागणी होती. २००९ मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा असे दिसले की एचपीव्हीची तपासणी आयुष्यात एकदा झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू नेहमीच्या सेवेच्या गटाच्या तुलनेत सुमारे निम्म्यावर आले होते. आज जगभर तपासणीची धोरणे ठरवताना या चाचणीचा आधार घेतला जातो. आपल्याकडे मात्र परांड्याच्या बसने रोज ये-जा करणाऱ्यांनाही ती माहीत नसते, ही गोष्ट वेगळी.

पूर्वभागकरांच्या मुद्द्याशी याचा थेट संबंध आहे. या दोन्ही कामांत तीच माणसे पुन्हा त्याच गावात गेली, आणि संशयित निघालेल्या बाईला कोठे न्यायचे हे आधीच ठरलेले होते. एक दिवसाच्या मंडपात या दोन्ही गोष्टी नसतात.

होम मैदान

शिबिरांवर इतका राग का, हे मला समजले नाही. शिबिर झाले नसते तर त्या बाईला चिठ्ठीसुद्धा मिळाली नसती. मी तर उलट सुचवेन की जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेच्या वेळी होम मैदानावर गड्डा, म्हणजे जत्रेचा बाजार, भरतो, तेथे तोंडाच्या तपासणीचा एक गाळा लावावा. सोलापूरच नव्हे, तर सीमेपलीकडच्या कर्नाटकातूनही लोक येतात, आणि एवढी माणसे एका जागी दुसऱ्या कोणत्याही निमित्ताने मिळणार नाहीत.

पूर्वभागकर

होम मैदान, राग शिबिरांवर नाही, शिबिर संपल्यावर हात झटकण्यावर आहे. गड्ड्यात माहितीचा गाळा जरूर लावावा, परंतु तपासणीचा लावू नये असे माझे मत आहे. पाळण्यात बसायला आलेल्या, कलबुर्गीकडच्या एखाद्या गावातल्या माणसाच्या तोंडात चट्टा दिसला, तर त्याच्या मागे कोण जाणार? ज्याचा पाठपुरावा करता येणार नाही त्याची तपासणी करून त्याच्या गळ्यात केवळ धास्ती बांधली जाते.

दंतकथा

मी दंतवैद्यक आहे. तोंडाच्या बाबतीत सामान्य माणसाला काय ओळखता येते, ते थोडे सविस्तर लिहितो, कारण सोलापुरात मावा (सुपारी, तंबाखू आणि चुना यांचे मिश्रण) आणि मिश्री (भाजलेली तंबाखू) यांमुळे हा भाग सर्वांत मोठा आहे.

दोन आठवड्यांत भरून न आलेले व्रण, खरवडून न निघणारा पांढरा किंवा लाल चट्टा, कारण नसताना हलू लागलेला दात, गिळताना टोचल्यासारखे वाटणे आणि मानेत लागणारी टणक गाठ, यांपैकी काहीही असल्यास दाखवून घ्यावे. लाल चट्टा पांढऱ्यापेक्षा अधिक धोक्याचा असतो. याशिवाय सुपारीमुळे तोंडाच्या आतली त्वचा हळूहळू ताठर होत जाते आणि जबडा उघडेनासा होतो. आपल्याच हाताची तीन बोटे उभी धरून तोंडात जात नसतील, तर हा विकार सुरू झाला आहे असे समजावे. मावा खाणाऱ्या वीस-बावीस वर्षांच्या मुलांमध्ये हे आता सर्रास दिसते. पाणीपुरी तोंडात मावत नाही, अशी तक्रार घेऊन ही मुले येतात. ‘मी तंबाखू सोडून नुसती सुपारी खातो’ असे जे सांगतात त्यांच्यासाठी मुद्दाम लिहितो की जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली सुपारीला, तंबाखू मिसळलेला नसला तरीही, कर्करोगकारक म्हणून पहिल्या गटात ठेवले आहे. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. तिचे काय झाले हे कोपऱ्यावरच्या टपरीला विचारावे.

आता तुकडा तपासणीविषयी. ‘सुरी लागली की गाठ पसरते’ ही समजूत माझ्यासमोर जवळजवळ रोज बोलली जाते, आणि ती शिकलेल्या घरांतही आहे. तिचे मूळ असे असावे की पूर्वी माणसे अगदी शेवटच्या टप्प्यावर येत, तुकडा काढला जाई आणि दोन-तीन महिन्यांत माणूस जाई, त्यामुळे दोष सुरीच्या माथी आला. तोंडातला तुकडा जागा बधिर करून काढतात, तो हरभऱ्याएवढाही नसतो, आणि बहुतेक जण त्याच दिवशी पातळ अन्न घेऊ लागतात. त्या अहवालाशिवाय कोणताही जबाबदार डॉक्टर शस्त्रक्रिया, केमो किंवा लाइट (किरणोपचार) यांपैकी काहीच सुरू करणार नाही. सोबत जाणाऱ्या कार्यकर्त्याने एवढे जरी नीट समजावले, तरी अर्धे काम झाले.

तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय मदतक्रमांक निःशुल्क आहे. तो पुडीवरही छापलेला असतो, पण पुडी घेताना तो कोण वाचतो?

साखर पेठेतली सून

दंतकथा यांनी पुरुषांचा मावा नेमका सांगितला. बायकांच्या मिश्रीविषयी मी लिहिते. आमच्या गल्लीत सकाळी कोणाकडे तव्यावर तंबाखू भाजली जात असेल, तर तो ठसका तीन घरे ओलांडून येतो. ती भाजून काळी झाली की चुरून डबीत भरतात, आणि सकाळी दात घासायला म्हणून घेतलेली बोटभर मिश्री दुपारी, संध्याकाळी आणि निजताना पुन्हा लावली जाते. याला कोणी व्यसन समजत नाही. सासू सुनेला शिकवते, बाळंतिणीलाही दिली जाते, आणि शिबिरात तंबाखूविषयी विचारले की याच बायका निःशंकपणे नाही म्हणतात. प्रश्न विचारणाऱ्यांनी मिश्री, मावा, पान आणि विडी यांची नावे घेऊन वेगवेगळे विचारले पाहिजे.

दुसरी गोष्ट गर्भाशयमुखाच्या तपासणीची. शिबिरात हिला सर्वांत कमी बायका तयार होतात, आणि त्याचे कारण केवळ अज्ञान नाही. समाजमंदिराच्या खोलीत पडदा लावून ही तपासणी होणार, बाहेर ओळखीच्या बायका बसलेल्या, आणि सांगणारी मुलगी मराठीत बोलते तर अर्ध्या बायका तेलुगूभाषक. प्रत्यक्षात आम्ल लावून केलेली तपासणी फार साधी असते : सौम्य अॅसेटिक आम्ल लावतात, साधारण मिनिटभर थांबतात आणि पांढरा डाग उमटतो का ते पाहतात. प्रशिक्षित परिचारिका ती करू शकते आणि निष्कर्ष तिथेच कळतो. डाग दिसला म्हणजे कर्करोग झाला असे नसते. पूर्वावस्थेपासून कर्करोग होण्यास बहुधा दहाहून अधिक वर्षे जातात, आणि त्या पूर्वावस्थेवर छोटा उपचार पुरतो. शासनाच्या कार्यक्रमात तिशीनंतर तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तिन्हींची तपासणी अपेक्षित आहे, आणि आपल्या वस्तीतील आशाताईंकडे त्याचा अर्जही असतो. मंडळांनी वेगळा मंडप घालण्यापेक्षा आठवड्यातून एकदा चार-पाच बायकांना घेऊन नागरी आरोग्य केंद्रात जावे. चौघी एकत्र गेल्या की घरी सांगायलाही सोपे जाते.

शेजारी बसून विड्या वळणाऱ्या अक्काने ‘मी करून आले, काही होत नाही’ असे तेलुगूत सांगितले, की फलकाची गरज राहत नाही.

खिडकी क्रमांक तीन

कागदपत्रांविषयी लिहितो, कारण माणसे उपचारांना घाबरतात त्याहून जास्त खर्चाला घाबरतात.

महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी या नावाने ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत सोलापूर होते. त्यामुळे येथील रुग्णालयांना ती नवी नाही. कर्करोगाच्या शस्त्रक्रिया, केमो आणि लाइट हे उपचार तिच्यात येतात. २०२३ साली शासनाने संरक्षणाची मर्यादा प्रति कुटुंब वार्षिक ५ लाख रुपये करण्याचा आणि सर्व शिधापत्रिकाधारकांना तिच्यात घेण्याचा निर्णय केला. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. आधी त्याच्याकडे जावे, बिलाच्या खिडकीकडे नंतर. शिधापत्रिकेवर आणि आधारवर नाव वेगवेगळे लिहिलेले असणे ही पूर्व भागातील फार मोठी अडचण आहे. एकावर माहेरचे नाव, दुसऱ्यावर सासरचे, आणि आडनावाचे स्पेलिंग तिसरेच. ही दुरुस्ती निदानानंतर करायला घेतली तर उपचार लांबतात, म्हणून ती चिठ्ठी मिळाल्याच्या आठवड्यातच सुरू करावी.

पूर्वभागकरांच्या मुद्द्याला यातून बळ मिळते. योजनेकडे मंजुरीचा प्रस्ताव जातो तेव्हा त्याला तुकडा तपासणीचा अहवाल जोडावा लागतो. म्हणजे संशय आणि निदान यांच्यामधला जो काळ आहे, त्यात कुटुंब बहुधा स्वतःच्या खिशावर असते. मंडळाकडे जमलेले पैसे थोडे असतील, तर ते मोठ्या शस्त्रक्रियेच्या वर्गणीत घालण्यापेक्षा या काळातल्या तपासण्या, रिक्षा आणि बुडालेली मजुरी यांच्यासाठी ठेवावेत.

लूमवाला

मुंबईला टाटाला जायचे ठरले तर रेल्वेची सवलत आहे का?

खिडकी क्रमांक तीन

आहे. उपचारासाठी किंवा ठरावीक तपासणीसाठी जाणाऱ्या कर्करुग्णाला शयनयान आणि वातानुकूलित तृतीय श्रेणीत पूर्ण भाडे माफ असते, आणि त्या वर्गांत सोबतच्या एका व्यक्तीला ७५ टक्के सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाचे विहित नमुन्यातील प्रमाणपत्र लागते. सिद्धेश्वर एक्सप्रेस रात्री निघून सकाळी पोहोचत असल्यामुळे सोलापूरकरांना ती सोयीची पडते. मुक्कामासाठी दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत रुग्ण आणि नातेवाइकांची सोय होते, पण तेथे गर्दी फार असते. मात्र प्रत्येकाने मुंबईलाच धावावे असे नाही. जे उपचार सोलापुरात किंवा बार्शीत होऊ शकतात, त्यांसाठी घरदार सोडून परेलच्या पदपथावर राहण्यात रुग्णाचेच हाल होतात.

आंबील

माझ्या सासऱ्यांच्या जबड्यावर शस्त्रक्रिया झाली आणि नंतर लाइट घ्यावे लागले. सोबतीचा विचार तुकडा तपासणीवर थांबवू नका, एवढेच सांगायचे आहे. डोके आणि मान या भागाला लाइट आठवड्यातून पाच दिवस, असे सहा-सात आठवडे चालते. मध्ये खाडे पडले तर उपचाराचा गुण कमी होतो, हे आम्हाला डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावले होते. सोलापूर ते बार्शी अंतर सत्तरेक किलोमीटर असले, तरी तोंड आतून सोललेल्या माणसाला रोज एसटीने नेणे-आणणे शक्य नसते, म्हणून एकाला तिथे मुक्कामी राहावे लागते. मग इकडचे घर कोण बघणार?

या काळात भेटायला येणारे शहाळी आणि सफरचंदे आणत. ज्याच्या नाकातून नळी घातलेली आहे तो सफरचंद कसे खाणार? एका पाहुण्यांनी प्रेमाने कडक भाकरी आणि शेंगाचटणी आणली होती. सासरे त्या पुडक्याकडे बघत राहिले आणि सासूबाईंनी ते उचलून आत नेले. आम्हाला उपयोग झाला तो समोरच्या काकूंचा. त्यांनी आमच्या दोन्ही मुलांचा डबा न विचारता सुरू केला आणि शाळेच्या रिक्षापर्यंत पोहोचवायचे कामही उचलले. नळी निघाल्यावर गिळण्याजोगे काय द्यावे हे कळत नव्हते, तेव्हा त्यांनीच हुलग्याचे माडगे तिखटाशिवाय, गाळून पातळ करून आणले. ते सासऱ्यांनी घोटाघोटाने संपवले.

मंडळांनी रुग्णाला शाल-श्रीफळ देऊ नये. घरी राहिलेल्या माणसांची विचारपूस करावी.

तिऱ्हाईत

सर्व चर्चा वाचली. हेतू चांगला आहे, परंतु एका गोष्टीकडे कोणी लक्ष दिलेले दिसत नाही. आपल्याकडे ‘सोबत’ म्हणजे चार लोकांना कळणे. मुलीचे लग्न ठरायचे असते, भाड्याचे घर असते, घरमालक कुरकुर करतो, आणि अजूनही भांडी वेगळी ठेवणारी घरे आहेत. एका ओळखीच्या बाईंचे शिबिरातील छायाचित्र मंडळाच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकले गेले, आणि त्यानंतर त्यांनी तपासणीला जाणेच सोडून दिले. अशी मदत न केलेली बरी.

पूर्वभागकर

तिऱ्हाईत, हा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे आणि तो नियम म्हणून लिहून ठेवला पाहिजे. छायाचित्र काढायचे नाही, नाव गटावर टाकायचे नाही, आणि घरी जाण्याआधी त्या व्यक्तीला विचारायचे की कोणी यावे आणि कोणी येऊ नये. कित्येकींना गल्लीतली बाई नको असते, दुसऱ्या वस्तीतली चालते. कर्करोग स्पर्शाने पसरत नाही, हे पाहुण्यांनी माईकवरून सांगण्यापेक्षा सोबत गेलेल्या बाईने त्या घरात बसून चहा घेतला तर अधिक लवकर पटते.

लूमवाला

एक अवघड प्रश्न विचारतो. ज्या वस्तीची चूल विडीवर पेटते, तेथे तंबाखूविरोधी फलक लावायचा कसा? आमच्याकडे ३१ मेला तंबाखूविरोधी दिनाची फेरी आली, तेव्हा दारात विड्या वळत बसलेल्या बायका खाली माना घालून हसत होत्या.

दंतकथा

फेरीने काही साधणार नाही, हे खरे. विडी ओढल्याने तोंड, घसा, अन्ननलिका आणि फुप्फुस यांचे कर्करोग होतात, यात शंका नाही, आणि विडी सिगारेटपेक्षा सौम्य असते ही समजूत खोटी आहे. परंतु विडी वळणाऱ्या बाईला गुन्हेगार ठरवून काहीही साधत नाही. तिच्याशी तिच्या तोंडातील मिश्रीविषयी, घरातल्या मुलाच्या माव्याविषयी आणि तंबाखूची धूळ कमी कशी करावी याविषयी बोलता येते. तान्ह्या मुलाला सुपाजवळ निजवू नये, जेवणापूर्वी हात साबणाने धुवावेत आणि तंबाखूचे पोते स्वयंपाकाच्या जागेत ठेवू नये, एवढे ऐकून घ्यायला कोणी नाही म्हणत नाही.

खिडकी क्रमांक तीन

विडी कामगारांसाठी १९७६ च्या कायद्याने कल्याण निधी स्थापन झाला होता आणि त्यातील आरोग्य योजनांत कर्करोगाच्या उपचारखर्चाची प्रतिपूर्तीही होती. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा विडीवरील उपकर रद्द झाला. तरीही कामगार ओळखपत्र जपून ठेवावे आणि विडी कामगारांच्या दवाखान्यात चौकशी करावी. हे ओळखपत्र पुष्कळ बायकांकडे असते, पण ते केवळ मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी आहे असा त्यांचा समज असतो.

साखर पेठेतली सून

बऱ्या न होणाऱ्या रुग्णांविषयीही बोलले पाहिजे. ‘आता घरी न्या’ असे सांगितल्यावर आपल्या सगळ्यांची सोबत संपते, आणि खरे दुखणे तेव्हा सुरू होते. तोंडावाटे घेण्याच्या मॉर्फिनने या वेदना बऱ्याच आटोक्यात येतात. त्याबाबतचा कायदा २०१४ मध्ये सुधारून मान्यताप्राप्त संस्थांसाठी प्रक्रिया सोपी करण्यात आली आहे. घरचे लोक मात्र ‘सवय लागेल’ म्हणून ते देत नाहीत. शेवटचे काही महिने राहिलेल्या माणसाला सवय लागण्याची भीती कशासाठी? पुण्यात वारज्याला यासाठी वेगळे केंद्र आहे. सोबत जाणाऱ्यांनी आपल्या रुग्णालयात वेदनाशमनाचा बाह्यरुग्ण विभाग कोणत्या दिवशी असतो, हेही विचारून ठेवावे.

पूर्वभागकर

सर्वांचे आभार. येथील सूचनांवरून आम्ही आमच्या मंडळापुरते ठरवले आहे ते असे. यंदा ऑक्टोबरात मंडप घालायचा नाही. त्याचे पैसे तपासणीच्या खेपांसाठी आणि बुडालेल्या मजुरीसाठी बाजूला काढायचे. आधीच्या शिबिरांच्या वह्या काढून ज्यांना चिठ्ठी दिली होती त्यांच्याकडे प्रथम जायचे, आणि वहीत लाभार्थ्यांच्या रकान्याऐवजी चिठ्ठी, तुकडा, अहवाल आणि उपचार सुरू झाल्याची तारीख असे चार रकाने ठेवायचे. वही एकाच बाईंकडे राहील. ज्यांना यायचे नसेल त्यांना पुन्हा एकदा विचारून सोडून द्यायचे. सोबत जाण्यासाठी सध्या बायका पुरेशा आहेत, पुरुष रुग्णांबरोबर जायला मात्र माणसे कमी पडतात. सकाळची पाळी नसलेल्या यंत्रमाग कामगारांनी निरोप पाठवावा. चिठ्ठीच्या मागे छापायचा मजकूर मराठीत तयार आहे, तेलुगू झाला आहे, कन्नड आणि उर्दू राहिले आहेत.

होम मैदान

कन्नड मजकूर मी अक्कलकोटच्या मित्राकडून आठवड्यात करून घेतो. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी मी मोकळा असतो, त्या दिवशी पुरुष रुग्ण असल्यास माझे नाव लिहावे. गड्ड्यातला गाळा फक्त माहितीचा, हे मान्य.

लूमवाला

माझी या महिन्यात रात्रपाळी आहे, त्यामुळे दुपारपर्यंत येता येईल. उर्दूसाठी आमच्या कारखान्यातील एक गुरुजी तयार आहेत. मजकूर पाठवा, परंतु मोठ्या अक्षरात पाठवा, त्यांना बारीक वाचता येत नाही.